स्पोर्ट्स, एक्सरसाइज अँड हेल्थ सायन्स घ्यावं का? खरंच "सोपं सायन्स" आहे का हे?

आठशेमीटर

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी १६ वर्षांची आहे, आयबी डिप्लोमा (अकरावी-बारावीच्या जागचा आंतरराष्ट्रीय कोर्स) सुरू होतोय आणि दोन आठवड्यांत विषय फायनल करून फॉर्म द्यायचाय. बाकीचं सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते सायन्सवर. आमच्या शाळेत या वर्षी स्पोर्ट्स, एक्सरसाइज अँड हेल्थ सायन्स सुरू होतंय आणि मला ते मनापासून घ्यायचंय, पण घरात आणि मैत्रिणींमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं की ज्यांना फिजिक्स केमिस्ट्री झेपत नाही त्यांच्यासाठीचा विषय आहे तो. बाबा तर म्हणाले, खेळायचं तर मैदानावर खेळ, त्याचा पेपर कशाला द्यायचा.

माझं कारण सांगते. मी ८०० मीटर धावते, पाच वर्षं झाली. गेल्या सीझनला डाव्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, तीन महिने धावणं बंद. त्या तीन महिन्यांत मी भेटेल त्याला विचारत होते की मी पडले नाही, कुठे आपटले नाही, मग हाडाला चीर गेली कशी? कोणी म्हणालं शूज, कोणी म्हणालं कॅल्शियम, कोणी म्हणालं जास्त धावलीस. उत्तर प्रत्येकाकडे होतं आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. दुसरा प्रश्न त्याच्याही आधीपासूनचा आहे. ६०० मीटरच्या पुढे पाय माझे राहतच नाहीत, जीव तोडून पळतेय असं वाटतं आणि घड्याळ मात्र स्लो दाखवतं. कोच म्हणतात लॅक्टिक अ‍ॅसिड. ठीक आहे, पण म्हणजे नक्की काय होतं ते कोणी नीट सांगत नाही.

तर ज्यांनी हा विषय शिकलाय किंवा शिकवलाय त्यांनी प्लीज सांगा, यात मॅथ्स फिजिक्स किती असतं, धावण्याच्या टायमिंगला मार्क असतात का (आत्ता मी माझ्या बेस्टच्या जवळपासही नाहीये), आणि हा घेतला तर पुढे कुठले दरवाजे बंद होतात? हायर लेव्हल (म्हणजे स्टँडर्डपेक्षा जास्त खोलात) घ्यायचा विचार आहे. मोठं झालं, सॉरी.

तिसरा_तास

सॉरी कशाला, प्रश्न नीट मांडलायस. मी आधी बायोलॉजी शिकवायचो, गेली नऊ वर्षं हाच विषय शिकवतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी मार्कांचं. तू किती वेगात धावतेस याला आयबीच्या या विषयात एकही मार्क नाही. ब्रिटनमध्ये ए लेव्हलला फिजिकल एज्युकेशन म्हणून विषय असतो, त्यात प्रत्यक्ष खेळातल्या कामगिरीला मार्क असतात, लोक त्या दोन्हींची गल्लत करतात. आपला हा विषय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सच्याच ग्रुपमधला आहे. लेखी पेपर, आणि २० टक्के मार्क स्वतः केलेल्या प्रयोगाच्या रिपोर्टला. माझ्या वर्गात आजवरची सगळ्यात चांगली दोन मुलं अशी होती की जी मैदानावर फारशी फिरकतही नव्हती. उलट खेळात हुशार पण "मला हे सगळं माहितीये" म्हणून पहिल्या टर्मला निवांत राहिलेली मुलं पहिल्याच टेस्टला हादरलेली मी दरवर्षी बघतो.

स्टँडर्ड लेव्हलला १५० तास आणि हायरला २४०, म्हणजे बाकीच्या सायन्सइतकेच. २०२४ पासून नवीन सिलॅबस लागू झालाय आणि त्यावरची पहिली परीक्षा २०२६ ची, त्यामुळे सीनियर्सच्या जुन्या नोट्स कोणी दिल्या तर डोळे मिटून वापरू नकोस, मांडणी बरीच बदललीये. आता तीन मोठे भाग आहेत, एक व्यायामाची फिजिऑलॉजी आणि न्यूट्रिशन, दुसरा बायोमेकॅनिक्स आणि तिसरा स्पोर्ट्स सायकॉलॉजी, ज्यात नवीन कौशल्य माणूस शिकतो कसं हेही येतं.

आता तुझे ६०० मीटर. हा प्रश्न म्हणजे अख्खं एक चॅप्टर आहे. स्नायूला आकुंचन पावायला एटीपी नावाचा ऊर्जा देणारा रेणू लागतो आणि ते एटीपी आपल्याकडे साठवलेलं इतकं थोडं असतं की दोन-तीन सेकंदांत संपेल. म्हणून ते सतत नवं बनवावं लागतं. क्रिएटिन फॉस्फेटवाला मार्ग सगळ्यात झटपट, पण जोरात पळताना साधारण १० सेकंदांत त्याची मजल संपत येते. मग ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडायचा मार्ग, तोही वेगवान पण त्याची किंमत मोजावी लागते. तिसरा ऑक्सिजनचा मार्ग, सावकाश सुरू होतो पण लांब पल्ल्याचा. हे तिन्ही एकामागून एक नसतात, तिन्ही पहिल्या पावलापासूनच चालू असतात, फक्त कोणाचा वाटा किती ते बदलत जातं, आणि परीक्षेत निम्मी मुलं नेमकी इथेच चुकतात.

८०० मीटरला साधारण दोन तृतीयांश एनर्जी ऑक्सिजनच्या मार्गाने येते, हे ऐकून धावणारी मुलंच जास्त चकित होतात, कारण त्यांना ती लांबलेली स्प्रिंट वाटत असते. उरलेला जो वाटा ऑक्सिजनशिवायचा आहे त्यात स्नायूंच्या आत हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट साठत जातात, त्याने स्नायूचं आकुंचनच कमजोर होतं. तू मेंदूतून तितकाच जोर लावतेस पण त्या हुकमातून पायात तेवढी ताकद निघत नाही, म्हणून ते "पाय माझे राहत नाहीत". लॅक्टेट, म्हणजे तुझे कोच ज्याला लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात ते, बिचारं फुकट बदनाम आहे. हृदय आणि सावकाश आकुंचन पावणारे स्नायूतंतू ते चक्क इंधन म्हणून वापरतात, आणि रेस संपल्यावर तासाभरात ते रक्तात जवळपास नेहमीच्या पातळीला येतं, मग दोन दिवसांनी दुखणाऱ्या पोटऱ्यांचा दोष त्याच्यावर कसा घालणार?

आणि हे तुझ्या एकटीचं नाही. डेव्हिड रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड केला, त्याची पहिली फेरी ४९.२८ सेकंदांची होती. वजाबाकी कर, दुसरी ५१.६३. जगातला सगळ्यात वेगवान ८०० धावणारा माणूससुद्धा दुसऱ्या फेरीत दोन सेकंदांहून जास्त स्लो झाला. शेवटच्या १०० मीटरला जो पुढे निघताना दिसतो तो बहुतेक वेळा वेग वाढवत नसतो, बाकीच्यांपेक्षा कमी मंदावत असतो.

मॅथ्सचं संध्याकाळी लिहितो, आत्ता तास आहे.

बीपटेस्ट_अकरा

मी या विषयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे हायर लेव्हल, सरांनी थिअरी सांगितली मी प्रयोगाचं सांगतो कारण मला वाटतं खरा विषय तिथेच कळतो.

माझा पहिला टॉपिक होता "संगीत ऐकल्याने परफॉर्मन्स सुधारतो का". मॅडमनी एकच प्रश्न विचारला, कुठलं संगीत, कोणाचा परफॉर्मन्स, कशाने मोजणार, आणि मी गप्प. तीन वेळा बदलून शेवटी ठरलं की दोन उड्यांमध्ये किती सेकंद विश्रांती घेतली तर जागेवरून मारलेल्या उभ्या उडीची उंची किती टिकते. ऐकायला काहीच नाही, पण करायला घेतल्यावर दोन महिने डोक्यात तेवढंच होतं.

उडी मोजायला महागडं मशीन लागत नाही. फोनवर व्हिडिओ काढायचा, पाय जमिनीवरून कधी सुटले आणि कधी टेकले ते फ्रेम मोजून काढायचं, तो हवेतला वेळ. उंची म्हणजे ग्रॅव्हिटीचं ९.८१ गुणिले वेळेचा वर्ग भागिले ८. हवेत अर्धा सेकंद असलास तर ३१ सेंटिमीटर येतात. मी आधी साध्या मोडवर शूट केलं, सेकंदाला ३० फ्रेम, आणि आकडे बघून हैराण, एकाच मुलाच्या उड्या ३१, ३५, ३१, ३५. मला वाटलं दमतोय आणि परत ताजातवाना होतोय. मग लक्षात आलं की एक फ्रेम इकडची तिकडे झाली तरच ४ सेंटिमीटरचा फरक पडतोय, मुलगा काही करत नाहीये, माझं मोजमापच तेवढं जाडंभरडं आहे!! २४० फ्रेमवर शूट केलं तेव्हा तोच फरक अर्ध्या सेंटिमीटरवर आला. शिवाय काही जण खाली येताना गुडघे वाकवून टेकायचे, त्याने हवेतला वेळ वाढतो आणि फुकटची उंची मिळते, म्हणून सगळ्यांना पाय सरळ ठेवून चवड्यावर उतरायला शिकवलं आणि आधीचा सगळा डेटा टाकून दिला. वाईट वाटलं खूप पण रिपोर्टमध्ये सगळ्यात चांगला पॅराग्राफ त्याचाच झाला.

अजून काही गोष्टी ज्या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. प्रत्येक मुलाला विश्रांतीचे वेगवेगळे टप्पे एकाच क्रमाने दिले तर शेवटचा टप्पा कायम दमलेल्या पायांवर येतो, म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. वॉर्मअप सगळ्यांना सारखाच. लेखी संमती घ्यायची, आणि मध्येच नको वाटलं तर कारण न देता थांबता येईल हे आधी सांगायचं, माझे दोघं थांबले, १४ चे १२ उरले, ठीक आहे. रिपोर्टला ३००० शब्दांची मर्यादा आहे आणि ती फार लवकर भरते.

आणि हो, मित्रांना घेतलंस तर त्यांना तुझा अंदाज काय आहे ते सांगू नकोस. ते तुला मदत म्हणून मुद्दाम कमी उंच उडतात, शप्पथ.

टाचेपासून_वर

फिजिओ आहे, रोज तुझ्यासारख्या दोन-तीन मुली बघते म्हणून राहवलं नाही.

हाडाचं सांगते. हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत आहे आणि रोज थोडं खणलं जातं, थोडं भरलं जातं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड काढतात, दुसऱ्या प्रकारच्या नवं घालतात. गोची वेळेची आहे. लोड वाढला की काढण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, पण नवं भरून ते कडक व्हायला महिने जातात. म्हणजे मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमक्या त्याच काळात दमसास वाढलेला असतो, बरं वाटत असतं, म्हणून मुलं अजून जोरात पळतात. हृदय आणि फुप्फुसं पुढे निघून जातात, हाड मागे राहतं. धावताना एका पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. एका किलोमीटरला हजाराच्या आसपास पावलं धर, म्हणजे एका पायावर पाचशे, पाच किलोमीटरला अडीच हजार. एकही पाऊल असं नाही ज्याने हाड मोडेल, पण तीच ती जागा, भरून यायच्या आत पुन्हा पुन्हा. त्यामुळे तुला शूज, कॅल्शियम, जास्त धावणं असं सांगणारे सगळे थोडे थोडे बरोबर होते, प्रत्येकाने फक्त आपला तुकडा सांगितला.

एक तुकडा बहुधा कोणी सांगितला नसेल, आणि तो मी मुद्दाम लिहितेय कारण मुली हे विचारत नाहीत. धावण्याच्या मानाने खाणं कमी पडत असेल, मुद्दाम नसलं तरी, तर शरीर काटकसर सुरू करतं, आणि ज्या गोष्टींवाचून आजचा दिवस निभावतो त्या आधी बंद करतं. पाळी लांबते किंवा थांबते, इस्ट्रोजेन कमी होतं, आणि हाड भरणारं काम मंदावतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस हे नाव दिलं आणि हे मुलांनाही होतं हे स्पष्ट केलं, त्याआधी फक्त मुलींच्या संदर्भात बोललं जायचं. "धावणाऱ्या मुलींची पाळी चुकतेच" हे वाक्य तुला कोणी सांगितलं असेल तर ते खरं मानू नकोस. चुकत असेल तर डॉक्टरांना सांग, स्ट्रेस फ्रॅक्चरचा इतिहास आहे हेही सांग. बाकी इथे लिहायची गरज नाही.

मी शाळेत असताना हा विषय नव्हता. असता तर १७ व्या वर्षी मी स्वतःच्या दोन्ही नडग्यांवर बर्फ लावून पळत बसले नसते. घे विषय.

उसवलेली_नोटबुक

मी थोडं वेगळं मत मांडते, विषय वाईट आहे म्हणून नाही तर नंतर पस्तावू नकोस म्हणून.

मी हाच घेतला होता स्टँडर्ड लेव्हलला, सोबत बायोलॉजी, आणि केमिस्ट्री सोडली. तेव्हा वाटलं होतं फिजिओ करायचंय. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मेडिकलला जावंसं वाटायला लागलं आणि ज्या ज्या कॉलेजची माहिती काढली तिथे केमिस्ट्री हवीच होती. एक वर्ष वेगळं देऊन ती करावी लागली. आज मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फिजिऑलॉजीला मला इतरांपेक्षा खूप सोपं गेलं, कार्डिअ‍ॅक आउटपुट म्हणजे ठोके गुणिले एका ठोक्याला फेकलेलं रक्त, ते बसलेलं असताना मिनिटाला ५ लिटरच्या आसपास आणि जोरात व्यायामात २० च्या वर, हे मी स्वतःच्या छातीला पट्टा बांधून सायकल मारत शिकलेय, ते विसरणं शक्य नाही. पण ते एक वर्ष गेलं ते गेलंच.

तर मेडिकल एक टक्कासुद्धा मनात असेल तर केमिस्ट्री ठेव. इंजिनिअरिंग असेल तर फिजिक्स लागेल, त्याच्या जागी हा चालणार नाही. स्पोर्ट्स सायन्स, फिजिओथेरपी, न्यूट्रिशन, सायकॉलॉजी, पब्लिक हेल्थ असल्या कोर्सना हा उपयोगी पडतो, पण तिथेही काही ठिकाणी बायोलॉजी वेगळी मागतात. ज्या पाच कोर्सचा विचार आहे त्यांच्या अटी आजच वाचून काढ, आणि ऐकीव माहितीवर जाऊ नकोस, माझ्याही नाही.

तिसरा_तास

@उसवलेली_नोटबुक हे अगदी खरं, आणि हे आम्ही शिक्षकांनीच आधी सांगायला हवं असतं.

मॅथ्स. बायोमेकॅनिक्समध्ये न्यूटनचे नियम, लिव्हर, टॉर्क, प्रोजेक्टाइल (हवेत फेकलेली वस्तू), अँग्युलर मोमेंटम येतात. कॅल्क्युलस लागत नाही. पण सूत्र पाठ करून भागत नाही, ते शरीरावर लावायला लागतं. एक उदाहरण देतो. फिजिक्सच्या पुस्तकात प्रोजेक्टाइल ४५ अंशांना सगळ्यात लांब जातो. मग गोळाफेकवाले ४५ ला का नाही फेकत? एक तर गोळा जमिनीवरून नाही, खांद्याच्याही वरून सुटतो, म्हणून योग्य कोन आपोआप कमी होतो. पण तेवढ्याने दोन-चार अंशच कमी होतात आणि प्रत्यक्षातले कोन त्याहून खाली असतात. कारण माणूस वरच्या दिशेने तितक्या वेगाने ढकलूच शकत नाही जितका समोर ढकलू शकतो, कोन वाढवला की सुटण्याचा वेगच घटतो. पहिलं कारण फिजिक्सचा विद्यार्थी सांगेल. दुसरं सांगायला स्नायू माहीत असावे लागतात, आणि मला या विषयाचं जे प्रेम आहे ते या दुसऱ्या कारणासाठी आहे. तसंच उंच उडीवाल्या डिक फॉसबरीचं, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तो पाठ बारकडे करून २.२४ मीटर उडाला, पाठ कमानीसारखी वाकल्यामुळे शरीर बारवरून जातं आणि सेंटर ऑफ मास (शरीराच्या वजनाचा मध्यबिंदू) मात्र बारच्या खालून जाऊ शकतं. वर्गात हे वाकवलेल्या वायरवर करून दाखवलं की मुलं शांत होतात एकदम.

याशिवाय स्टॅटिस्टिक्स, मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते), टी-टेस्ट, कोरिलेशन. हे टाळता येणार नाही आणि टाळूही नये. २२० वजा वय हा जास्तीत जास्त हार्ट रेटचा फॉर्म्युला सगळ्या जिमच्या भिंतीवर असतो, तुला त्याने २०४ मिळेल. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांचा डेटा एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र मांडलं, त्याने १९७ येईल. यातलं खरं कुठलं? कदाचित दोन्ही नाही, कारण एकेका माणसाचा आकडा सरासरीपासून १० ठोके इकडे तिकडे असणं अगदी नॉर्मल आहे. सरासरीचं सूत्र एका माणसावर लावताना काय होतं हे ज्या मुलाला कळलं त्याला मी अर्धा विषय आला असं समजतो.

श्वास_धरून

तिरंदाजी करते, सायकॉलॉजीच्या भागाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

लोकांना वाटतं त्यात "पॉझिटिव्ह विचार करा" एवढंच असेल. मला आठवतो तो तास ज्यात उलट्या यू आकाराचा आलेख शिकवला, ताण थोडा वाढला की कामगिरी सुधारते आणि फार वाढला की ढासळते. सगळ्या कोचिंग क्लासमध्ये हा आलेख दाखवतात. मग मॅडमनी सांगितलं की १९०८ चा मूळ प्रयोग यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर केला होता, विजेचे कमी-जास्त जोराचे झटके देऊन उंदीर काळ्या आणि पांढऱ्या पेटीतला फरक किती लवकर शिकतो ते बघत होते. खेळ नाही, माणूस नाही. आणि पुढे विचारलं, आता हाच आलेख वेटलिफ्टरला आणि तिरंदाजाला सारखाच लागू होईल का? मी तेव्हा फायनलच्या आधी जोरजोरात गाणी ऐकून स्वतःला पेटवायचे, कारण आमच्या ग्रुपमधले धावणारे तसं करायचे. माझ्या खेळात हाताचा थरथराट म्हणजे संपलं. मी ते बंद केलं, श्वास हळू सोडायची सवय लावली. मेडल वगैरे मिळालं असं नाही पण शेवटच्या सहा बाणांना हात कापायचा थांबला.

दोन_मुलांचा_बाबा

तुझ्या बाबांच्या बाजूचा माणूस लिहितोय. मीही माझ्या मुलाला हेच म्हणालो होतो, याचा पेपर कशाला.

माझं मत बदललं ते त्याच्या वहीतल्या एका पानाने. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करणारा, कंपनी तीच, बस तीच. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. मी म्हणालो झालं सिद्ध, बसून राहणं वाईट. मुलगा म्हणाला थांबा बाबा, पुढचं वाचा. मॉरिसनी स्वतःच १९५६ मध्ये दोघांच्या युनिफॉर्मची मापं तपासली आणि ड्रायव्हरांच्या कमरेची मापं आधीपासूनच मोठी होती. म्हणजे बसून ते जाड झाले की जाड होते तेच ड्रायव्हर झाले? त्या प्रश्नाने मॉरिसनी आधीचं काम फेकून दिलं नाही, पुढची कित्येक वर्षं वेगवेगळ्या लोकांवर तपासत राहिले. मी अकाउंट्सचा माणूस, ताळा जुळला की फाइल बंद करणारा. माझा १७ वर्षांचा मुलगा मला सांगत होता की जुळलेल्या ताळ्यावरही शंका घ्यायची असते. हे त्याला दुसऱ्या कुठल्या विषयाने शिकवलं नव्हतं.

त्याच विषयात त्याला कळलं की जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५०, आणि तो माझी मिनिटं मोजायला लागला. आता संध्याकाळी दोघं चालायला जातो. तुझ्या बाबांना हे वाचायला दे.

आठशेमीटर

मी दोनदा वाचलं सगळं, दुसऱ्यांदा वही घेऊन. खूप खूप थँक्यू.

@टाचेपासून_वर ताई, आईला तुमची पोस्ट वाचायला दिली. पुढचं इथे नाही लिहीत पण गुरुवारी डॉक्टरांकडे चाललोय.

@दोन_मुलांचा_बाबा काका, बाबांना आधी तुमचं नाही दाखवलं, रुडिशाचे दोन आकडे कागदावर लिहून दिले आणि विचारलं की वर्ल्ड रेकॉर्ड करणारा माणूस दुसऱ्या फेरीत स्लो का झाला असेल. ते म्हणाले दमला असेल. मी म्हटलं दमला म्हणजे काय झालं? दहा मिनिटं आम्ही दोघं त्यावर बोलत होतो, मग ते म्हणाले हे तुला शाळेत शिकवणार असतील तर घे. बसचा किस्सा जेवताना सांगितला, त्यावर ते काही बोलले नाहीत, पण नंतर "ते मॉरिसचं पुढे काय झालं" म्हणून विचारत होते.

@उसवलेली_नोटबुक ताई, अटी वाचून काढल्या. सहा कोर्स बघितले, दोन ठिकाणी बायोलॉजी मागितलीये, केमिस्ट्री एका ठिकाणी. मेडिकल माझ्या मनात नाहीये, पण तुम्ही एक टक्का म्हणालात ते डोक्यातून जात नाहीये. म्हणून स्पोर्ट्स सायन्स हायरला आणि केमिस्ट्री स्टँडर्डला असं टाकायचं म्हणतेय. बायोलॉजीचं कोऑर्डिनेटरना उद्या विचारते.

सर, एक शेवटचा प्रश्न. टर्म सुरू व्हायला सहा आठवडे आहेत, पळायची परवानगी अजून आठवड्यातून तीनच दिवस आहे. तोपर्यंत काय करू? पुस्तक आणून वाचू का?

तिसरा_तास

पुस्तक राहू दे, ते दोन वर्षं आहेच. एक वही कर. रोज सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातून बाहेर यायच्या आधी, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोज आणि लिही. १५ सेकंद मोजून चारने गुणू नकोस, एक ठोका चुकला तर चार चुकतात, बीपटेस्टने वर फ्रेमचं सांगितलंय तेच. शेजारी किती तास झोपलीस, आदल्या दिवशी पळालीस का, बरं वाटत होतं का ते एका ओळीत. सहा आठवड्यांत ४२ आकडे होतील. काही दिवशी आकडा उगाच वर गेलेला दिसेल, लगेच कारण चिकटवू नकोस, बाजूला फक्त प्रश्नचिन्ह काढ. ती वही पहिल्या दिवशी तुझ्या सरांना किंवा मॅडमना दाखव.

बीपटेस्ट_अकरा

आणि ४२ आकड्यांची स्टँडर्ड डेव्हिएशन एकदा हाताने काढून बघ, कंटाळा येईल पण परत कधी विसरणार नाहीस. अडलीस तर इथेच विचार, मी आहे मे पर्यंत.